डिसेक्शन हॉलमधलं पहिलं सत्र: आधी हाड, मग टेबल, मग पुस्तक

फर्स्ट एमबीबीएसला अ‍ॅडमिशन झाली की पहिल्या आठवड्यात जाडजूड टेक्स्टबुकं घेतली जातात, अ‍ॅटलास घेतला जातो, चार रंगांचे हायलायटर घेतले जातात. स्काल्पेलची (चिरफाडीच्या सुरीची) ब्लेड मात्र दोनच घेतली जातात. डिसेक्शन हॉलमध्ये, म्हणजे मृतदेह उघडून शिकण्याच्या दालनात (सगळे म्हणतात तो डीएच), त्यातलं पहिलं ब्लेड तासाभरात बोथट होतं आणि मग उरलेला वेळ कातडी सोलण्याऐवजी ओरबाडण्यात जातो.

अ‍ॅनाटॉमी (शरीररचनाशास्त्र) जड जाते याचं सर्वांत मोठं कारण मला चुकलेला क्रम वाटतो. आधी पुस्तक पाठ करायचं, मग बॉडीवर, म्हणजे टेबलावरच्या मृतदेहावर, ते शोधायचं, आणि हाडं परीक्षेच्या आदल्या रात्री उरकायची, असं बहुतेकांचं चालतं. याच्या बरोबर उलट करून पाहा. टेबलाशी उभं राहण्याआधी हाड हातात घ्या, मग टेबल, आणि त्याच रात्री पुस्तक. महाराष्ट्रातल्या बहुतेक कॉलेजांत सुरुवात अप्पर लिंबपासून (खांदा, काख, हात) होते, म्हणून इथे उदाहरणं तिथलीच घेतली आहेत.

आधी सामान. ४ नंबरच्या हँडलला २२, २३, २४ नंबरची ब्लेड बसतात. ३ नंबरच्या हँडलला १०, ११ आणि १५. कातडीसाठी ४ नंबरचं हँडल आणि २२ ची किमान दहा ब्लेड, बारीक कामासाठी ३ नंबरचं हँडल आणि १५ ची चार-पाच. एक दातेरी फोर्सेप (चिमटा), दोन साधे, एक टोकदार, आणि एक सरळ कात्री. दातेरी फोर्सेप फक्त कातडी धरायला वापरा. त्यानं नर्व्ह (मज्जातंतू) धरली की चुरगळते. ब्लेड बदलताना बोटांनी ओढू नका, फोर्सेपमध्ये धरून सरकवा आणि वापरलेलं ब्लेड धारदार वस्तूंच्या डब्यातच टाका. हात कापला तर वाहत्या पाण्याखाली साबणानं धुवा, टेबलावरच्या शिक्षकांना तिथल्या तिथे सांगा आणि धनुर्वाताचं इंजेक्शन शेवटचं कधी झालं होतं ते आठवा. किरकोळ आहे म्हणून रुमाल गुंडाळून काम चालू ठेवू नये.

ग्लोव्हज नायट्राइलचे घ्या. लॅटेक्समधून फॉर्मॅलिन लवकर झिरपतं आणि बोटांची टोकं बधिर, कोरडी पडतात. शंभराचं खोकं टेबलावरच्या सगळ्यांनी मिळून घेतलं तर स्वस्त पडतं. कॉन्टॅक्ट लेन्स त्या दिवसांत घालू नका, चष्मा लावा. डीएचचा एप्रन वेगळा ठेवा आणि तो वॉर्डात किंवा मेसमध्ये घालून जाऊ नका.

वासाबद्दल थोडं. बाजारात मिळणारं फॉर्मॅलिन म्हणजे फॉर्माल्डिहाइडचं साधारण ३७ ते ४० टक्क्यांचं द्रावण. बॉडी टिकवण्यासाठी ते पाणी, ग्लिसरीन, फिनॉल वगैरेंबरोबर मिसळून बहुधा मांडीतल्या फिमोरल आर्टरीतून (धमनीतून) आत सोडतात. एका प्रौढ देहाला साधारण ८ ते १० लिटर लागतं. फॉर्मॅलिन ऊतींमधली प्रथिनं घट्ट करतं, फिनॉल बुरशी धरू देत नाही, ग्लिसरीन ओलावा राखतं. डोळे झोंबतात ते फॉर्माल्डिहाइडच्या वाफेनं, आणि ही वाफ कर्करोगकारक मानली गेलेली आहे. म्हणून एक्झॉस्ट चालू आहेत का हे आल्या आल्या बघा आणि बॉडीवर नाक टेकवून काम करू नका. मास्कला निलगिरी लावल्यानं वास दबतो, वाफ अडत नाही.

पहिल्या दिवशी कुणाला तरी भोवळ येते. धाडस कमी पडलं म्हणून ती येत नाही. उपाशी पोटी, गरम हॉलमध्ये, तासभर एकाच जागी गुडघे ताठ करून उभं राहिलं की पायांत रक्त साचतं, रक्तदाब उतरतो. सकाळी खाऊन या, पायांवरचा भार बदलत राहा. डोळ्यांपुढे अंधारी आली तर तिथेच खाली बसा, बाहेर पळू नका, कारण पडून डोकं फुटतं ते दारापर्यंत जातानाच. शेजाऱ्यानं त्याला आडवं करून पाय वर उचलून धरावेत, मिनिट-दोन मिनिटांत तो सावरतो.

बहुतेक कॉलेजांत पहिल्या दिवशी शपथ घेतात आणि देहाला पहिला गुरू म्हणतात. महाराष्ट्रात या देहांमागे १९४९ चा अ‍ॅनाटॉमी अ‍ॅक्ट आहे. बेवारस देह कॉलेजांना देण्याची सोय त्या कायद्यानं झाली, आणि आता देहदानातूनही देह येतात. म्हणजे टेबलावरचा माणूस एक तर पूर्ण एकटा गेलेला असतो, नाहीतर त्याच्या घरच्यांनी अंत्यविधी बाजूला ठेवून त्याला इथे पाठवलेलं असतं. हॉलमध्ये फोन खिशातून बाहेर का काढायचा नाही, हे एवढ्यावरून कळायला हवं.

आता हाड. पेक्टोरल रीजन (छातीचा पुढचा भाग) सुरू होण्याच्या आदल्या दिवशी क्लॅव्हिकल (गळ्याजवळचं हाड), स्कॅप्युला (खांद्याचं पातं) आणि ह्यूमरस (दंडाचं हाड) एवढी तीनच हाडं घ्या. सिनियरकडून किंवा डिपार्टमेंटमधून मिळतात. फायबरचा सेट चालतो, पण खुणा बोथट असतात, म्हणून एकदा तरी खऱ्या हाडावर बोट फिरवा. क्लॅव्हिकलचं बाहेरचं टोक चपटं, आतलं जाड आणि चौकोनी. आतला दोन तृतीयांश भाग पुढे फुगलेला आणि खालच्या बाजूला सबक्लेव्हियस स्नायूची पन्हाळ. एवढ्यावर उजवं की डावं हे ठरतं. मग ते स्वतःच्या क्लॅव्हिकलवर त्याच दिशेनं टेकवून बघा. ह्यूमरसचं डोकं आत, वर आणि मागे बघतं. त्या हाडाला तीन नर्व्ह अगदी चिकटून जातात: सर्जिकल नेकला (डोक्याखालच्या अरुंद भागाला) अ‍ॅक्सिलरी, मागच्या स्पायरल ग्रूव्हमध्ये रेडियल, मीडियल एपिकॉन्डाइलच्या (कोपराच्या आतल्या उंचवट्याच्या) मागे अल्नर. हाड जिथे मोडेल तिथली नर्व्ह दुखावते. शाफ्ट (हाडाचा दांडा) मधोमध मोडला की मनगट का लोंबतं, हे हाडावर बोट ठेवून एकदा समजलं की वेगळं पाठ करावं लागत नाही.

टेबलावर पहिला छेद छातीच्या मध्यावर, सुप्रास्टर्नल नॉचपासून (गळ्याखालच्या खाचेपासून) झिफॉइडपर्यंत (छातीच्या मधल्या हाडाच्या खालच्या टोकापर्यंत). दुसरा नॉचपासून क्लॅव्हिकलच्या कडेनं खांद्याच्या टोकावरच्या अ‍ॅक्रोमियनपर्यंत. तिसरा झिफॉइडपासून बाजूला, काखेच्या मागच्या घडीपर्यंत. पहिली चूक इथेच होते: छेद खोल जातो. छातीची कातडी जेमतेम एक-दोन मिलिमीटरची असते. ब्लेडखालचा विरोध अचानक कमी झाला आणि पिवळी चरबी दिसली की थांबायचं. दोन छेद मिळतात तो कोपरा दातेरी फोर्सेपनं उचला आणि ब्लेडची धार कातडीकडे तिरपी ठेवून सोला, देहाकडे कधीच नाही. बोटभर पदर सुटला की त्यात काजासारखी एक चीर पाडा आणि त्यात बोट घालून पदर ताणून धरा. ग्लोव्हज निसरडे झाल्यावर फोर्सेप सारखा सुटतो, बोट सुटत नाही. सुटलेल्या कातडीची आतली बाजू पांढरट दिसली तर तुम्ही नेमक्या पदरात आहात. तिला पिवळे गोळे चिकटून येत असतील तर सुपरफिशियल फॅशिया (कातडीखालचा चरबीचा थर) तुम्ही कातडीबरोबरच काढून टाकताय, आणि तिच्यातल्या क्युटेनियस (कातडीच्या) नर्व्ह गेल्याच.

कातडी निघाली की ब्लेड खाली ठेवा. यापुढचं बरंचसं काम बंद कात्रीनं होतं. मिटलेली कात्री चरबीत घालायची आणि आत उघडायची. चरबी फाकते, नर्व्ह आणि आर्टरी शाबूत राहतात. कात्री नेहमी नर्व्हच्या दिशेनं उघडायची, आडवी नाही. हाताला लागलेला धागा नक्की काय आहे हे दोन बोटांत फिरवून बघा. नर्व्ह भरीव, पांढरी दोरी. आर्टरी जाड, दाबली की परत फुगणारी नळी. व्हेन (शीर) पातळ, चपटी, आत काळपट गुठळी. चार दिवसांत हे डोळे मिटून कळायला लागतं.

पेक्टोरॅलिस मेजर (छातीचा मोठा स्नायू) कापण्याआधी डेल्टॉइड (खांद्यावरचा स्नायू) आणि त्याच्या मधल्या खाचेत सिफॅलिक व्हेन शोधून ठेवा, नाहीतर ती स्नायूबरोबर जाते. मग स्नायूच्या खालच्या कडेखाली बोट घालून तो मोकळा करा. क्लॅव्हिक्युलर हेड हाडाजवळ कापा, पण आतल्या बाजूनं येणारी लॅटरल पेक्टोरल नर्व्ह सांभाळा. स्टर्नोकॉस्टल हेड स्टर्नमपासून (छातीच्या मधल्या हाडापासून) साधारण पाच सेंटिमीटरवर कापून बाहेरच्या बाजूला उलटा. इथे व्हायव्हाचा (तोंडी परीक्षेचा) एक ठरलेला प्रश्न आहे: लॅटरल पेक्टोरल नर्व्ह आतल्या बाजूला आणि मीडियल तिच्या बाहेर, असं का? नावं जागेवरून पडलेली नाहीत, ब्रेकियल प्लेक्ससच्या (हाताकडे जाणाऱ्या नर्व्हच्या जाळ्याच्या) ज्या कॉर्डमधून (जुडग्यातून) त्या निघतात तिच्यावरून पडली आहेत. बॉडीवर बघितलेल्याला हा प्रश्न अडवत नाही.

काख ही पहिल्या सत्रातली सर्वांत अवघड जागा. नुसती चरबी आणि लिम्फ नोड्स. सगळ्यांत आधी दुसऱ्या इंटरकॉस्टल स्पेसमधून (फासळ्यांमधल्या जागेतून) निघून काख ओलांडत दंडाकडे जाणारा एक बारीक धागा लागतो. तो फॅशिया समजून उपटला जातो; ती इंटरकॉस्टोब्रेकियल नर्व्ह असते. त्यानंतर काखेतली अ‍ॅक्सिलरी व्हेन. तिच्या लहान फांद्या काढल्याशिवाय मागचं काही दिसत नाही, पण शिक्षकांना विचारल्याशिवाय एकही कापू नका. मग अ‍ॅक्सिलरी आर्टरीच्या तिसऱ्या भागासमोर नर्व्हचा इंग्रजी एम दिसायला हवा. तो प्लेक्ससकडून शोधत आलात तर दोन दिवस जातील. उलटीकडून या: दंडातल्या कोराकोब्रेकियॅलिस स्नायूला भोक पाडून आत जाणारी नर्व्ह पकडा, ती मस्क्युलोक्युटेनियस. तिच्यावरून वर गेलं की लॅटरल कॉर्ड, तिथून मीडियन नर्व्हचं लॅटरल रूट खाली येतं, समोरून मीडियल रूट येऊन मिळतं, आणि आर्टरी व व्हेनच्या मधे अल्नर सापडते. एम पूर्ण झाला. कधी मस्क्युलोक्युटेनियस स्नायूला भोक न पाडताच खाली जाते, कधी तिची एक फांदी मीडियनला मिळते. आपल्याकडून काहीतरी तुटलं असं वाटून गप्प बसू नका, शिक्षकांना बोलवा. असा फरक दाखवणारं टेबल पूर्ण बॅच बघायला येते.

फासळ्यांवरच्या सेरेटस अँटीरियर स्नायूच्या पृष्ठभागावरून उभी खाली उतरणारी लाँग थोरॅसिक नर्व्ह नीट सोडवून ठेवा. स्तनाच्या कर्करोगात काखेतल्या गाठी काढताना सर्जन हीच नर्व्ह जपत असतो. ती दुखावली की भिंतीवर हात टेकून ढकलताना स्कॅप्युला पंखासारखा मागे उचलला जातो.

एका टेबलावर दहा-पंधरा जण असतात, आणि मागच्या रांगेत उभा राहणारा वर्षभर मागच्याच रांगेत राहतो. त्यामुळे पहिल्याच दिवशी वाटणी करा: दोघं कापणार, एक जण मॅन्युअल मोठ्यानं वाचणार, एक हाड हातात धरून दाखवणार, बाकीचे बघून नाव सांगणार. दर वीस मिनिटांनी पाळी बदलायची. उजवी बाजू एका गटाची, डावी दुसऱ्याची. एका बाजूला काही तुटलं तर दुसरीकडे शिल्लक असतं.

रात्रीचा अभ्यास कोऱ्या कागदानं सुरू करा. अ‍ॅक्सिलरी आर्टरी काढा, पेक्टोरॅलिस मायनर स्नायूनं तिचे तीन भाग पाडा. पहिल्याला एक फांदी, दुसऱ्याला दोन, तिसऱ्याला तीन. जिथे अडाल तिथेच पुस्तक उघडा. मराठी माध्यमातून आलेल्यांना सुरुवातीला नावांची भीती वाटते. ही नावं इंग्रजी बोलणाऱ्यालाही परकीच आहेत, बहुतेक लॅटिन आहेत, आणि फोडली की सोपी होतात. लॅटिसिमस म्हणजे सर्वांत रुंद, डॉर्साय म्हणजे पाठीचा. लाँगस लांब, ब्रेव्हिस आखूड. समजून घेणं आणि एकमेकांना समजावणं खुशाल मराठीत करा, पण नावं आणि वाक्यं रोज मोठ्यानं इंग्रजीत म्हणा, कारण व्हायव्हात तोंड उघडावं लागतं आणि न वळलेली जीभ तिथे अडखळते.

फिजिऑलॉजीची हिमॅटॉलॉजी, म्हणजे रक्ताच्या तपासण्या, हेही हाताचंच काम. डाव्या हाताची अनामिका, स्पिरिट पूर्ण वाळल्यावर टोचायची, पहिला थेंब पुसून टाकायचा. रक्त येत नाही म्हणून बोट पिळलं की ऊतींतलं पाणी मिसळतं आणि सगळे आकडे खाली येतात. डब्ल्यूबीसी (पांढऱ्या पेशी) पिपेटमध्ये पांढरा मणी: रक्त ०.५ पर्यंत, टर्क्स फ्लुइड ११ पर्यंत. आरबीसी (लाल पेशी) पिपेटमध्ये लाल मणी: रक्त ०.५ पर्यंत, हेम्स फ्लुइड १०१ पर्यंत. ११ पर्यंत भरूनही पातळीकरण २० पटच का? कारण दांडीतला एक भाग मिसळण्यात येतच नाही, आणि म्हणूनच पेशी मोजायचं काचेचं चेंबर भरण्याआधी पहिले दोन थेंब टाकून द्यायचे. न्यूबॉअर चेंबरमध्ये द्रव कव्हरस्लिपखाली आपोआप ओढला गेला पाहिजे. खाचेत वाहिला तर धुऊन पुन्हा भरा, मोजत बसू नका. दोन-तीन मिनिटं पेशी खाली बसू द्या. रेषेवरच्या पेशी ठरावीक दोन बाजूंच्याच धरा. चार कोपऱ्यांतल्या डब्ल्यूबीसींना ५० नं गुणायचं, मधल्या पाच चौकटींतल्या आरबीसींना १०,००० नं. हे गुणक पाठ करण्यापेक्षा एकदा मांडून बघा: चेंबरची खोली ०.१ मिलिमीटर आणि पातळीकरण, यातून ते निघतात.

हिमोग्लोबिन मोजायच्या साहलीच्या पद्धतीत एन बाय टेन हायड्रोक्लोरिक आम्ल २० टक्क्यांच्या खुणेपर्यंत, त्यात २० क्युबिक मिलिमीटर रक्त, आणि मग पूर्ण दहा मिनिटं थांबायचं. घाई करणाऱ्याचं हिमोग्लोबिन कमी येतं, कारण त्याचं अ‍ॅसिड हिमॅटिन (तपकिरी रंगद्रव्य) पुरतं झालेलं नसतं. पुढे डिस्टिल्ड वॉटर थेंबाथेंबानं, प्रमाण काचेच्या रंगाशी जुळेपर्यंत. रंग जुळण्यापलीकडे गेला तर मागे येता येत नाही.

हिस्टॉलॉजीची (ऊतींच्या सूक्ष्म रचनेची) स्लाइड आधी नुसत्या डोळ्यांनी उजेडात धरा, मग १० एक्सखाली बघा, मग ४० एक्सखाली. ४० वर असताना मोठा नॉब फिरवला की लेन्स स्लाइडवर आपटते आणि स्लाइड तडकते. चार स्लाइड हमखास गोंधळ घालतात. हॅसल्स कॉर्पसल दिसला तर थायमस, कॅप्सूलखाली सायनस दिसला तर लिम्फ नोड, पांढऱ्या पल्पच्या एका कडेला आर्टेरिओल दिसली तर स्प्लीन, वर स्क्वॅमस थर आणि खोल क्रिप्ट असेल तर टॉन्सिल. जर्नलमध्ये गुलाबी आणि निळ्या-जांभळ्या पेन्सिलीनं चित्र काढायचं ते स्लाइड बघत काढा. मित्राच्या जर्नलवरून उतरवलेलं चित्र स्पॉटरमध्ये (बघून ओळखायच्या परीक्षेत) उपयोगी पडत नाही. बायोकेमिस्ट्रीच्या प्रॅक्टिकलला नेमकी मापं आणि वेळेवर सही केलेलं जर्नल एवढं पुरतं.

पार्ट कम्प्लिशनच्या (शरीराचा एक भाग शिकून झाल्यावरच्या) व्हायव्हात हाड हातात आल्यावर आधी ते अ‍ॅनाटॉमिकल पोझिशनमध्ये धरा, मग बोला. बाजू सांगा, कशावरून ते सांगा, आणि मग जे नीट येतं तिकडे उत्तर न्या. बॉडीवर दाखवताना स्ट्रक्चर फोर्सेपनं किंचित उचलून दाखवा. नुसतं बोट दाखवलं की परीक्षक चार वेगळ्या गोष्टी समजू शकतात. हजेरी थिअरीला ७५ टक्के आणि प्रॅक्टिकलला ८० टक्के लागते. डीएचचे चुकलेले दिवस भरून काढणं जवळपास अशक्य असतं, कारण तुम्ही परत येता तेव्हा तो थर टेबलावर उरलेलाच नसतो.

सत्र संपताना दहा मिनिटं राखून ठेवा. सोललेले कातडीचे पदर जागच्या जागी परत टाका. उघडे स्नायू दोन दिवस तसेच राहिले तर चामड्यासारखे काळे पडतात आणि पुढे त्यांतून काही सोडवता येत नाही. त्यावर ओलं कापड, कापडावर प्लास्टिक, कडा देहाखाली दुमडून. काढलेली चरबी, फॅशियाचे तुकडे, कातडीचे कण सगळे त्याच टेबलाच्या नंबरच्या झाकणाच्या डब्यात टाका, कचऱ्याच्या बादलीत किंवा बेसिनमध्ये नाही. वर्षाअखेरीस त्या माणसाचं जे उरतं ते एकत्रच निरोपाला जायचं असतं. टेबल पुसा, ब्लेड मोजून घ्या, चेहरा झाकला आहे ना ते बघा, आणि मग दिवा बंद करा.